अर्ध्या काळ्या लायटी

बाबा, आज गॅरेजवाल्याने मला अक्षरशः हात जोडले. महिन्याभरात तिसऱ्यांदा गेले होते त्याच्याकडे, हेडलाइट मंद आहे म्हणून भांडायला. त्याने भर दुपारी शटर अर्धं खाली ओढलं, आतल्या अंधारात भिंतीवर लाइट मारून दाखवली. भिंतीवरच्या कॅलेंडरमधली एकादशीसुद्धा वाचता येत होती. "ताई, बल्ब नवा, काच नवी, वायरिंग नवं. याच्यापुढे आता सूर्यच बसवावा लागेल," म्हणाला. मी गाडी घेऊन घरी आले आणि हे लिहायला बसले. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी बोलावंसं एकदाही वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. आजही काही उमाळा वगैरे आलेला नाही. राग आलाय, आणि आई पण गेल्यामुळे तो ज्याला कळेल असं दुसरं माणूस उरलेलं नाही.

तुमची ती पांढरी गाडी डोळ्यांसमोर आहे. शेती गेली, कंपनीत बसवर ड्रायव्हर म्हणून तुम्ही लागलात, आणि पाच-सहा वर्षांनी ती सेकंडहँड गाडी दारात आणलीत. घणसोली गावात आपल्या आळीतली पहिली. आईने तिला ओवाळलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तुम्ही काळ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन उकिडवे बसलाय आणि दोन्ही हेडलाइटचा वरचा अर्धा भाग रंगवताय. मी विचारलं तर म्हणालात, "समोरच्याच्या डोल्यांवर उजेड मारायचा नसतो, पोरी. जुन्या ड्रायवरांची शिस्त हाय ही." तशी पद्धत पूर्वी होतीच. ट्रकवाले, टॅक्सीवाले काचेवर काळा पट्टा मारायचे, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. उलट आळीत तुमचं केवढं कौतुक, म्हणे असा ड्रायव्हर शोधून सापडणार नाही. पण लोक एक बोटभर पट्टा मारायचे, तुम्ही दोन हात मारलेत आणि वाळल्यावर तिसरा. त्या दिवसापासून कुठे संध्याकाळी जायचं म्हटलं की तुमचं एकच ठरलेलं, "लायटींना तेज नाय." मोरा गावी आत्याच्या मुलीची हळद होती. आपल्याकडे हळद रात्रीच रंगते, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. तरी तुम्ही आम्हाला दुपारी चारलाच तिथून उठवलंत, नवरीच्या अंगाला हळद लागायच्या आधीच. आत्या फाटकापर्यंत रडत आली. तुम्ही आपले "लायटींना तेज नाय" म्हणून मोकळे. स्वतःच्या हातांनी रंगवलेल्या लायटी, बाबा, आणि तोंड वर करून त्यांच्याच नावाने रडगाणं.

मी सहावीत होते तेव्हाची रात्र. मला दम लागला होता, श्वास आत जाईना. आपल्या दारात गाडी, घरात कंपनीचा ड्रायव्हर, आणि आई पदर खोचून नाक्यावर रिक्षा शोधायला धावतेय. तुम्ही खाटेवर माझ्या पाठीवरून हात फिरवत बसलाय आणि दर दोन मिनिटांनी म्हणताय, "आता येल हा ती, आता येल." मला श्वास घेता येत नव्हता, विचार मात्र करता येत होता. मी विचार करत होते की माझा बाप भित्रा आहे. तो शब्द मला आधीपासून माहीत होता, तुम्हाला लावायची वेळ त्या रात्री आली. दवाखान्यात मला वाफ दिली, सकाळी घरी आणलं, तर तुम्ही अंगणात त्या गाडीला फडक्याने पुसत होतात. इतकी चीड मला आयुष्यात कोणाची आलेली नाही.

आणि ते कांदे. हा किस्सा तुम्ही इतक्या वेळा सांगितलात की गावातल्या पोरांनाही पाठ होता. थंडीचे दिवस होते, सहाला कंपनी सुटायची आणि वाशीपर्यंत येईस्तोवर गडद व्हायचं. तुम्ही चाळीस माणसं घेऊन निघालात आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावरून एका टेम्पोच्या मागच्या लाल दिव्यांमागे बस लावून चालवत राहिलात. टेम्पो वळला, तुम्ही वळलात. टेम्पो थांबला, तुम्ही थांबलात. बघता तर एपीएमसी मार्केट, कांद्याचं गेट, चारी बाजूंना गोणी. मागून सगळे ओरडायला लागले, अहो हे कुठे आणलंत. तुम्ही शांतपणे खाली उतरलात, एक गोणी खांद्यावर टाकलीत आणि बसमध्ये चढून म्हणालात, "घरी कांदे संपलंत. तुमी पन घ्या, सस्तं हायत." आणि त्या बावळटांनी घेतले. अख्खी बस कांदे घेऊन घरी गेली. आमच्याकडे महिनाभर जेवणाला, चादरीला, माझ्या दप्तराला कांद्याचा वास. मी पोट धरून हसायचे. आई कधी हसली नाही, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. त्या आठवड्यात तुम्ही साहेबांकडे लेखी तक्रार केलीत की बसच्या हेडलाइट बाद आहेत, आणि त्यांनी त्या बदलून दिल्या. मग तुम्ही सगळ्यांकडून दिवसाची पाळी मागून घेतलीत. बदल्यात दिवाळी, होळी, रविवार, सगळे तुम्ही कामावर. लोक तुम्हाला देवमाणूस म्हणायचे. धन्य ते लोक.

वीस वर्षांची झाल्यावर मी लायसन्स काढलं. काळा रंग मी ब्लेडने खरवडून काढला, तुम्ही दुपारी झोपला होतात तेव्हा. एकदा वाशीच्या कॉलेजमधून यायला साडेसात झाले. तुम्ही दारात, पायरीवर. पायरी सोडून खाली उतरला नाहीत, तिथूनच हात पुढे केलात, किल्लीसाठी. "रातचं कोनालाच दिसत नाय. समद्यांना नुस्तं वाटतं दिसतंय. त्याच्यानंच मानसं मरतात," असं म्हणालात. मी म्हटलं, मला स्वच्छ दिसतंय. तर म्हणालात, "तुना पन वाटतंयच." आणि वर्षभर किल्ली तुमच्या खिशात. शेजारचा काका ते वाक्य अजून सांगतो, तुझा बाप काय बोलून गेला म्हणून. मला तेव्हा त्या वाक्याची किळस आली होती, आणि आजही त्यात मला शहाणपण दिसत नाही.

तुमच्या बाराव्याला आईने सांगितलं. पाहुणे गेले होते, ती भांडी घासत होती आणि अंगणात अंधार होता. सहज बोलली, "तुज्या बापासला रातचं कायच दिसत नवतं गो. पयल्यापासून." मला वाटलं, काहीतरी बडबडतेय. मग ती सांगत गेली. घरात बादली कधी जागची हलवायची नाही. अंधारात ती पुढे चालायची आणि खोटंखोटं खोकायची, म्हणजे तुम्ही आवाजामागे याल. हळदीला चारला का निघालो, माझ्या दम्याच्या रात्री ती का धावली, कांदे का आले, सगळं तिने एका बैठकीत राखेने घासून माझ्यापुढे ठेवलं. "लहानपनी मिठागरात व्हता ना तो. त्या पांढऱ्या उन्हानं डोलं खाल्लं त्याचं. कोनाला सांगू नको." मी सांगितलं नाही. पण बाबा, तुम्ही भित्रे होतात तोवर बरं होतं हो. भित्र्या माणसाला माफ तरी करता येतं. तुम्हाला माहीत होतं. तो टेम्पो कांद्याऐवजी खाडीच्या बाजूला गेला असता तर तुम्ही चाळीस माणसं घेऊन खाडीत उतरला असता, आणि का, तर नोकरी जाईल, आळीत लोक हसतील. मी त्या रात्री तुमच्या फोटोला हार न घालताच झोपले.

आता हे आजचं रस्त्यावरचं ऐका. तुम्ही असता तर घाबरून मेलाच असता. पामबीच रोडवर संध्याकाळी कोणीही उठतो आणि गाडीच्या टपावर चार-चार पांढरे दिवे लावून येतो, मंडपवाल्यासारखे. डिपर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही. उलट्या टोकाला ते दुसरे, ज्यांच्या हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्यात, आणि ते टूथपेस्ट चोळून फोटो टाकतात की बघा, घरगुती उपाय. मागचा लाल दिवा नसलेले बाईकवाले, रस्त्याच्या मधून चालणारे. मी वर्षभर या सगळ्यांना शिव्या घालतेय. माझी मुलगी शेजारी बसून म्हणते, "आई, तू हल्ली किती चिडतेस गं गाडीत." ती अठराची झाली. लर्निंग लायसन्स आलंय, रोज विचारते, मी कधी चालवू.

मागच्या महिन्यात संध्याकाळी तिला क्लासहून आणत होते. गावाच्या बाजूच्या सर्व्हिस रोडला ती एकदम किंचाळली, "आई, ब्रेक." मी दाबला. बॉनेटला हात टेकून एक बाई उभी, गावातलीच, डोक्यावर माशांची पाटी. डावीकडून आली होती. मला दिसली नव्हती, बाबा. पुसट दिसली, उशिरा दिसली असं नाही, तिथे कोणीच नव्हतं. तिने बॉनेटवर एक थाप मारली. "डोलं फुटलं का गो तुजं?" मी काच खाली करून म्हटलं, "मावशी, लाइट गेलीये हो गाडीची." ती पुटपुटत गेली. सोसायटीच्या गेटपाशी मुलगी म्हणाली, "आई, लाइट तर तिच्या तोंडावर होती."

तीन वेळा गॅरेज केलं ते त्यानंतर. मधल्या काळात डोळ्यांच्या डॉक्टरकडेही जाऊन आले, कोणाला न सांगता, ऑफिसमधून अर्धा दिवस घेऊन. तक्ता मी शेवटच्या ओळीपर्यंत धाडधाड वाचला. दिवसा मला सगळं दिसतं, तुम्हालाही दिसायचं, म्हणून तर तुमच्या दर वर्षीच्या तपासणीत डोळे उत्तम असायचे. मग त्यांनी खोली अंधारी केली. डॉक्टरबाई म्हणाल्या, डोळ्याच्या आतला पडदा कडेकडेने विझत आलाय, हळूहळू वाढत जातं हे, अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, आजपासूनच. मी विचारलं, उन्हाने होतं का. त्या म्हणाल्या, नाही हो, हे घराण्यातून येतं. वडिलांना रात्री दिसायचं का? मी म्हटलं, एकदम छान. ड्रायव्हर होते ते. कसं तोंडातून गेलं माहीत नाही. चौदा वर्षं मी मिठागराच्या भरवशावर निवांत बसले होते. मी काही मिठात पाय घातला नव्हता, मग मला कशाला काय होईल. डॉक्टरबाई म्हणाल्या, मुलीलाही घेऊन या, गाडी शिकायच्या आधी तपासून घेऊ. त्यावर त्याच संध्याकाळी मी गाडी घेऊन तिला आणायला गेले. तरीही मी गॅरेजवाल्याशी भांडत राहिले, आज दुपारपर्यंत.

उद्या सकाळी दहाची वेळ घेतलीय. तिला सांगितलंय, लायसन्ससाठी डोळे तपासायचेत. तिचा फॉर्म दवाखान्यातून आणलाय, आता टेबलावर या कागदाशेजारीच आहे. त्यात एक प्रश्न आहे, घरात कोणाला अंधारात कमी दिसतं किंवा दिसत होतं का, नातं लिहा. खाली दोन ओळी सोडल्यात. पहिल्या ओळीवर मी लिहिलं, आजोबा, आईचे वडील. हात जरासुद्धा थांबला नाही. आईने कोणाला सांगू नको म्हटलं होतं ते तुमच्यासाठी, आणि ते मोडताना मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, तुमचं एवढ्या वर्षांचं झाकलेलं दवाखान्याच्या कागदावर आलं एकदाचं. मग दुसरी ओळ आली आणि मी उठून चहा टाकला. उद्या ती माझ्या शेजारी बाकावर बसून तो फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचणार, तिला तशी सवय आहे.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, टाकायला जागाही नाही. एवढंच सांगायचं राहिलं. मघाशी अंधार पडल्यावर तिचा क्लासमधून फोन आला, "आई, येतेस ना घ्यायला?" मी म्हटलं, "आज रिक्षाने ये बाळा, लायटींना तेज नाही." ती म्हणाली, "अगं, आजच तर करून आणल्यास ना?" मी म्हटलं, हो, पण त्या मेकॅनिकला काही कळत नाही. फोन ठेवला, पुन्हा फॉर्मपाशी येऊन बसलेय. दुसरी ओळ अजून कोरीच आहे.