बाळाच्या खोलीची फरशी

झूटरमेर, नेदरलँड्स, मार्च २०२०

प्रिय शलाका,

तुला आणि आपल्या चिमुकलीला खूप आशीर्वाद. आजोबांना हॉस्पिटलात येऊ देत नाहीत, म्हणून डिंकाच्या लाडवांच्या डब्याबरोबर स्वप्निलच्या हाती हे पत्र पाठवतोय. फोटो पाहिले. तीन आठवडे आधी आली, पण भुवया ताणून कशी बघते! कावीळ उतरली की सोडतील, असं स्वप्निल म्हणाला.

घरची मोठी बातमी म्हणजे मागच्या खोलीची जमीन अखेर गरम झाली. तुला ठाऊकच आहे, हॉलमध्ये पाय सुखावायचे आणि दार ओलांडून बाळाच्या खोलीत गेलं की फरशी थंडगार. स्वप्निल म्हणत होता, "हीटर आणू, बाबा." मी म्हटलं, "हीटरने हवा तापेल, जमीन नाही." तो म्हणाला, "पण जमिनीवर बसणार कोण आहे?" मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दुरुस्तीवाला या कोरोनाच्या दिवसांत घरात पाऊल टाकायला तयार नाही. बिचाऱ्याने फोनवर कॅमेऱ्यातून बघून सगळं सांगितलं. जिन्याखालच्या कपाटात पंप आहे, तिथून जमिनीखाली गरम पाण्याच्या नळ्या जातात. हात लावून पाहिलं, तर बाकीच्या गरम आणि मागच्या खोलीची तेवढी गार. तिच्या व्हॉल्व्हवरची टोपी काढली. आत खिळ्यासारखी पिन असते, ती वर आली तरच पाणी पुढे जातं. आपली खाली रुतून बसली होती. जोराने ओढायची नाही, नाहीतर पाणी उडेल, असं त्याने बजावलं. स्वप्निलने फोन धरला, मी थेंबभर तेल सोडून पान्याने बाजूने हलकेच ठोकत राहिलो. जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस मी, पाना धरायचीही सवय नाही. एकदाची टक् करून पिन वर आली!

जमीन मात्र सावकाश तापते. संध्याकाळी मी फरशीवर ओलं फडकं फिरवलं, तर नळ्यांच्या वरचे पट्टे आधी वाळले. आम्ही दोघं अनवाणी उभे राहून लहान मुलांसारखे हसलो. मग स्वप्निलने फडकं माझ्या हातातून घेतलं. म्हणाला, "आई येणार नाही म्हणून शलाका रोज रडते, बाबा."

पोरी, विमानं बंद झाली त्याला कुणाचा इलाज नाही. तुझ्या आई सुचेताताई तिकडे चिंचवडला भरलेल्या बॅगेशेजारी बसून आहेत. बाळ-बाळंतिणीसाठी घरी येणारी नर्सही आता थोडाच वेळ थांबणार. तुझी सासूही आज नाही, आणि घरात मोठं माणूस म्हणून मी एकटा, तोही सासरा. तुला किती अवघड वाटत असेल, हे मला समजतं.

म्हणूनच एक गोष्ट सांगतो. ती स्वप्निललाही माहीत नाही. तो झाला तेव्हा त्याची आई, लतिका, दीड महिना तापाने अंथरुणात होती. तिची आई नव्हती, माझीही नव्हती. मी दार लावून, जमिनीवर पाय पसरून बसायचो आणि त्याला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचो. लोक हसतील म्हणून लतिकाने आणि मी कुणाला सांगितलं नाही. काल सुचेताताईंना फोनवर हे सांगितलं. त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "मान नीट धराल ना?" मी हो म्हटलं. पाणी किती कोमट हवं, तेही त्यांनी दोनदा समजावलं. डॉक्टर सांगतील तेव्हाच बाळाची आंघोळ सुरू करू, आणि त्या व्हिडिओवर समोर असतील.

पण शेवटचा शब्द तुझा. स्वप्निलजवळ निरोप देऊ नकोस, भिडेखातर हो म्हणशील. घरी आलीस की पहिल्या आंघोळीच्या दिवशी मी त्या खोलीत पाय पसरून बसेन. मनाला पटलं तर बाळाला माझ्या पायांवर ठेव. नाही पटलं, तर नुसतं, "बाबा, चहा घ्या," असं म्हण. मी उठेन, आणि आपण दोघं चहा घेऊ.

तुम्हां दोघींची वाट बघणारा, तुझाच,
बाबा