पैलवान कासवाचा खुराक

१ मार्च, सकाळी ६
आजपासून कासवाचं सगळं माझ्याकडे. साडू बाबारावने ते गेल्या आठवड्यात कामठीहून बुटाच्या खोक्यात घालून आणलं. तळहातावर मावेल एवढं, पाठीवर पिवळ्या चांदण्या. घरात कासव असलं की बरकत येते म्हणाला. बरकत येईल तेव्हा येईल, आधी त्याची तब्येत बघा. आठ दिवस बायकोने, म्हणजे कामिनीने, त्याला जास्वंदीची पानं खाऊ घातली. पानं शेळीला घालतात. मी नागपूरच्या महाल भागातल्या आखाड्यात भिजवलेल्या चण्यांवर आणि दुधावर शरीर कमावलंय. नाव ठेवलं पैलवान. वजन ६२ ग्रॅम. दसऱ्यापर्यंत अर्धा किलो. हा या रुपरावचा शब्द आहे.

२ मार्च
चणे दिले. तोंड फिरवलं.

३ मार्च
चणे कुटून दिले. खाल्ले. कामिनीला म्हटलं, बघ. ती म्हणाली, कालपासून उपाशी ठेवल्यावर कोणीही खाईल. या बाईला कोणाचं चांगलं बघवत नाही.

९ मार्च, सकाळी ७.१५
वजन ७०! आठवड्यात आठ ग्रॅम. खुराक लागू पडला. वजनाआधी परातीत पाणी घालून बसवलं होतं, भरपूर प्यायला. पैलवानाची तहान आहे.

सकाळी ७.४०
ओट्यावर लघवी केली. पुन्हा वजन, ६३. काटा भंगार आहे. फेकूनच देणार होतो, कामिनीने हातातून घेतला. नोंदीत पहिलंच वजन कायम.

२३ मार्च
डोकं फिरलंय. शेजारच्या गणपतरावच्या पोपटाने माझा आवाज उचलला. सकाळपासून पिंजऱ्यातून ओरडतोय, "काहून वं कामिनी, ऐकू नाही येत काय?" हुबेहूब. अख्खी गल्ली हसते. दूधवाला सायकल थांबवून हसला. मी इतक्या जोरात बोलतच नाही. गॅलरीत उभं राहून हे सगळ्यांना ओरडून सांगितलं. पोपटाने तेही उचललं.
संकल्प: राग सोडायचा.

२४ मार्च
राग सोडला. सात ते सव्वासात.

६ एप्रिल
आता उकडलेलं अंडंही सुरू. फरक दिसायला लागला! पाठीवरची प्रत्येक चांदणी वर उचलली आहे, टेकड्यांसारखी. आखाड्यात आमच्या खांद्यांना अशीच उठावणी यायची. कामिनीला दाखवलं तर म्हणते हे काही बरोबर दिसत नाही, आधी पाठ गुळगुळीत होती. गुळगुळीत! म्हणजे पिळदार पैलवान हिला नको, गुळाची ढेप हवी.
बेचाळीस डिग्री. कूलरला खसच्या गवताची नवी जाळी लावली आणि पैलवानाची टोपली बरोबर त्याच्यासमोर ठेवली. मी स्वतः बाजूला घामात बसलो. हे कोणाला दिसत नाही.

१३ एप्रिल
घरात फितुरी. मी सकाळी सक्करदरा तलावावर फिरायला जातो तेव्हा कामिनी पैलवानाला गच्चीवर उन्हात नेते. वर पानंही चारते. आज अर्ध्या वाटेतून परत आलो आणि रंगेहाथ पकडलं. म्हणे त्याला ऊन लागतं. नागपुरात, एप्रिलमध्ये, ऊन लागतं! खूप बोललो. ती उरलेली पानं गोळा करत राहिली, त्याचा जास्त राग आला. गच्चीची किल्ली आता माझ्या खिशात.

२० एप्रिल
वजन ५९. चरबी उतरली असेल, पैलवानांची स्पर्धेआधी उतरतेच. पण दोन दिवसांपासून काही खात नाही आणि नाकातून फुगे येतात. टोपलीजवळ बराच वेळ बसलो. डोळे उघडत नाही.
कारण सापडलं. पोपट. दिवसभर कानाशी किंचाळणं, कोणता जीव सहन करेल?

२१ एप्रिल
मोबाइलवर कायदा काढला. पोपट पाळणं गुन्हा आहे! वनखात्याला तीन पानी तक्रार लिहिली, खाली सही, पत्ता, फोन नंबर. मी निनावी काम करत नाही. कामिनीने विचारलं, कायद्यातली बंदी असलेल्या प्राण्यांची यादी पूर्ण वाचली का. म्हटलं, पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं फायली वाचल्यात, मला वाचायला शिकवू नको.

२९ एप्रिल, दुपारी ४
वनखात्याच्या मॅडम आल्या, सोबत प्राण्यांचे डॉक्टर प्रशिक. पिंजरा गाडीत ठेवला. गणपतराव भर गल्लीत रडला. मला आनंद होईल असं वाटलं होतं. तसा झाला नाही, उन्हामुळे असेल.
जनावर कसं ठेवतात ते दाखवावं म्हणून दोघांना वर चहाला बोलावलं. पैलवान दाखवला, पाठीवरची उठावणी खास दाखवली. वजनांच्या नोंदी म्हणून ही रोजनिशीही पुढे केली. मॅडमनी चहा बाजूला ठेवला आणि पहिल्यापासून वाचायला घेतली. हसल्या नाहीत.
डॉक्टरांनी पैलवानाला उलटं करून पोटाकडचं कवच अंगठ्याने दाबलं. दबलं. म्हणाले, "काका, हे मसल नाही. कवच खराब होऊन राहिलं. याले चणे-अंडी चालतच नाही, अन् थंड हवा तर बिलकुल नाही." फुफ्फुसात सर्दी उतरली म्हणाले. मधेमधे पाला आणि ऊन मिळालं म्हणून एवढे दिवस तरी निभावलं.
मॅडम म्हणाल्या, हे कासवही त्याच कायद्यात आहे. ताब्यात घ्यावं लागेल. मी म्हटलं, मी तक्रारदार आहे. त्या म्हणाल्या, "हो काका, म्हणून तर आम्हाले पत्ता सापडला." रोजनिशीच्या पानापानाचे फोटो काढले. पुरावा.
कामिनीने पानं धुऊन डब्यात भरून दिली. गाडी गेल्यावर म्हणाली, "तुमी त्याले कधी हातात नाही घेतलं. काट्यावरच ठेवलं."

३० एप्रिल
सगळी चूक बाबारावची. त्याला फोन केला. उचलत नाही.

४ मे
मॅडमच्या वरिष्ठांना तक्रारीचं पत्र लिहायला बसलो. मथळा झाला. पुढचं सुचलं नाही. कूलर बंदच ठेवला.

१८ मे, सकाळी १०
पैलवानाला ठेवलंय त्या वनखात्याच्या उपचार केंद्रात फोन लावला. नाव न सांगता विचारणार होतो, डॉक्टर प्रशिकनी आवाज ओळखला. कासव चालतं, खातं. नाक कोरडं आहे. वजन ७४. विचारलं, काय खुराक देता? पाला म्हणाले, आणि सकाळचं ऊन. भेटायला येऊ का? तसं चालत नाही म्हणाले, बरं झालं की जंगलात सोडणार. मग म्हणाले, तुमच्या घरून काकू रोज फोन करतात, त्यांना सगळं माहीत आहे.
रोज. आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही.
स्वयंपाकघरात गेलो. ती भाजी निवडत होती. मी हळू आवाजात विचारणार होतो, खरंच हळू. तोंड उघडायच्या आधीच ती उठली आणि शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून तिने खिडकी लावून घेतली.