नव्या टायरांची हवा

१९ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय ताई,

बाबांनी आपल्या ट्रकच्या मडगार्डवरचा तुझा आकडा खरवडायला घेतला, त्या क्षणी माझं सगळं बदललं. पण ते पुढे सांगतो. आधी तू कशी आहेस? भाचीला दात आले का? बाबांचा खोकला कमी झालाय, ओरडणं मात्र आहे तसंच आहे.

आकडा आठवतो ना? तू शाळेत होतीस. बाबांनी तुला पिंपावर उभं केलं, मी रंगाचा डबा धरला आणि तू जीभ बाहेर काढून मागच्या चाकाच्या मडगार्डवर ‘हवा १००’ लिहिलंस. शेवटचं शून्य ओघळलं. बाबा म्हणाले, "राहू दे, आपली गाडी लांबून ओळखू येईल." त्या दिवशी आपण तिघं केबिनमध्ये बसून रंग वाळायची वाट बघत होतो. तसं निवांत बसणं नंतर कधी झालंच नाही बघ.

मागच्या आठवड्यात एक माप मोठे टायर बसवले. माल भरलेला होता. मी हवेची नळी उचलली आणि म्हणालो, "टायरवरच १२० छापलंय, तेवढी भरतो."

"ती शेवटची हद्द आहे, शहाण्या! मोठा टायर तेवढंच वजन कमी हवेत पेलतो," बाबा ओरडले.

माझं डोकं सटकलं. मी नळी आपटली. बाबा शांतपणे म्हणाले, "रागावर गाडी चालली असती, तर तुझ्या जिवावर आपलं डिझेल वाचलं असतं."

"मग भरू किती?"

"टायर कंपनीच्या तक्त्यात आपल्या वजनाला किती लागते ते बघ. त्याच्या खाली उतरायचं नाही. पुढचं गाडीला विचार. खडू आण."

मी जुन्या आकड्याइतकी हवा भरली आणि विचार न करता खिशातून खडू काढला. बाबांनी एकदा खडूकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि टायरच्या रुंदीवर आडवी जाड रेघ ओढली. गाडी अंगणात सरळ पुढे नेली. रेघ मध्येच पुसली गेली, म्हणजे हवा जास्त. कडांना पुसली असती तर कमी. रोज सकाळी टायर थंड असताना थोडी हवा सोडायची, पुन्हा रेघ ओढायची. काल ती सगळीकडून सारखी पुसली. ९० वर.

मग बाबांनी पत्र्याचा तुकडा घेऊन तुझा आकडा खरवडायला सुरुवात केली आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच विचारलं, "कॉलेज सोडलेल्या पोराच्या खिशात खडू कुठून येतो?"

ताई, मी सरांशी भांडून कॉलेज सोडलं, असं मी तुम्हाला सांगितलं. भांडलो होतो, खोटं नाही. पण एक मुलगी होती, माझ्या एक वर्ष पुढे. ती शिकून बाहेर पडली आणि मला ते वर्ग बघवेनात. आता ती शाळेत शिकवते. आपल्याच गाडीतून तिथे बाकं पोचवली, तेव्हा तिच्या टेबलावरचा खडू उचलला. तिने विचारलं, "परीक्षा कशी गेली?" मी म्हणालो, "मस्त!"

हे सगळं मी तिथेच बाबांना सांगून टाकलं. ऐकून ते ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "तिला विचारलंस?"

"काय?"

"काहीतरी! लोखंडाच्या गाडीला चार दिवस विचारत बसलास. त्या पोरीला एका शब्दाने न विचारता कॉलेज सोडून मोकळा?"

खरवडलेल्या जागेवर नवा आकडा मी लिहू म्हटलं, तर म्हणाले, "ताई आल्यावर लिहील. तुझं अक्षर गाडीलाही वाचता यायचं नाही."

आजचा माल तिच्या शाळेवरून जायचा आहे. आधी कॉलेजचं खरं सांगणार, मग विचारणार. ती नाही म्हणाली तर काय, ते मला माहीत नाही. पण या वेळी उत्तर तिचं असेल.

तुझा,
भडकू

ता. क. बाबा हॉर्न वाजवतायत. पाकीट वाटेत पेटीत टाकतो. निघालो. दार लावून घेतोय, न आपटता.