एक जून

आदरणीय हेमकांत गुरुजींना नमस्कार,

शिबिरातून आज घरी आले. बॅग अजून दारातच आहे. अठरा वर्षांखालच्या मुलींच्या आंतरराष्ट्रीय रग्बी पात्रता स्पर्धेच्या संघातून परवा कागदपत्रं तपासताना माझं नाव काढलं. खेळात कमी पडले नाही. दाखल्यावर माझी जन्मतारीख एक जून आहे आणि त्या हिशेबाने मला आज एकोणीस पूर्ण झाली. खरी मी साडेसतराची.

तुम्हाला आठवत असेल. नूतनताईला पहिलीत घालायला आई आली, तेव्हा मी तिच्या कडेवर होते. आईला निंदायला जायचं होतं. ती म्हणाली, "गुरुजी, घर कोनी नही. हाई पोरले बी लिखी ल्या." तुम्ही माझ्याकडे पाहून हसलात, मलाही पहिलीत घेतलंत आणि आम्हा दोघी बहिणींच्या नावापुढे एकच तारीख लिहिलीत. पुढे सगळे आम्हाला जुळ्या म्हणायचे.

आमच्या प्रशिक्षक मॅडम म्हणतात, तारीख चुकीची लिहिली असं गुरुजींनी सहीनिशी लिहून दिलं, तर वरती पुन्हा विचारता येईल. बसमध्ये मी रागाचे शब्द जुळवत आले. आता तेवढाही जोर उरला नाही. तुम्ही त्या दिवशी नाही म्हणाला असतात, तर मी बांधावरच वाढले असते. हा लांबुळका चेंडू मी पहिल्यांदा पाहिला तोही तुमच्याच शाळेच्या मैदानावर.

संघ रविवारी निघतोय. हे पत्र मिळालं तर तुम्ही काही न विचारता सही कराल आणि या वयात चौकशीला उभे राहाल. म्हणून पाठवत नाही.

तुम्ही लिहिलेल्या वयाची,
भूमिका