पोळ्यापर्यंत जावई

उंद्री, १ ऑगस्ट १९६५

काल खामगावला पिक्चर पाहिला. कारकून भर ऑफिसात मालकाच्या कानाखाली जाळ काढतो. मालक खूश! केबिन देतो, मोटार देतो, शेवटी मुलगी देतो. मी मात्र आजवर उकंडराव पाटलांना कमरेत वाकून रामराम घालत आलो. साफ चुकलं. पाटलांची पुष्पा अशी मिळायची नाही. संकल्प: वाकणं बंद. पोळ्यापर्यंत जावई.

३ ऑगस्ट

प्रॅक्टिस म्हणून आमच्या सालदाराला, कडूबाला, एक लगावली. त्याने कारण विचारलं नाही, दोन लगावल्या. ओठ फुटला. माझा. टायमिंग सुधारायला हवं. कडूबा काम सोडून गेला. पोळ्याला बैलांमागच्या गड्याला देतात तो बोजाराही नको म्हणे मले. आई म्हणाली, काऊन मारलं रे त्याले? आता बैल तूच हाक.

१० ऑगस्ट

बैलांमागे राबून टेरिलीनची पँट फाटली. बैल हलकट. एकाने बरगडीत शिंग घातलं. दोन्ही पाटलांनीच म्हातारे झाले म्हणून आम्हाला विकलेले.

पण प्लॅन सुचला. पोळ्याचं तोरण दरवर्षी पाटलांची जोडी तोडते, मग गावाची. यंदा आधी माझी. पाटील अंगावर येतील, मी एक कानाखाली भडकावीन, त्यांना माणसाची पारख होईल.

२५ ऑगस्ट

आरशासमोर थप्पड. फार सुंदर बसली. आरसा फुटला. उजव्या हाताला पट्टी. हरकत नाही, डावा आहे.

२६ ऑगस्ट, पोळा

तोरण माझ्या जोडीने तोडलं! ढोल वाजताच बैल जुन्या सवयीने उधळले. पाटील अंगावर आले. सगळं प्लॅनप्रमाणे. मी हात उचलला, पण त्यांचा आधी बसला. म्हणाले, माजला काय बे? मग त्यांच्या माणसांच्या काठ्या. एक दात तोरणाखालीच राहिला. तरी एक गोष्ट नोंदवतो: पहिला फटका पाटलांनी स्वतःच्या हाताने दिला. परक्याला कोण देतं?

२७ ऑगस्ट

कालचं थोडं लिहायचं राहिलं. लिहिणार नव्हतो.

मार खाताना कासरा मनगटाला गुंडाळलेला होता. बैल मला फरफटत पूजेला थेट पाटलांच्या दारात घेऊन गेले. पुष्पा ताट घेऊन आली. बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणपोळी भरवली. मग माझ्याकडे वळली. डोळे सुजलेले, तोंड रक्ताने भरलेलं, पँट फाटकी. आत ओरडून म्हणाली, माय, या बैलाचा गडी नवा दिसते वं! आणि माझ्या हातावर बोजारा ठेवला. म्हणाली, घे भाऊ.

मी कमरेत वाकून रामराम घातला.