विहिरीतला पाइप पुन्हा गळतोय

अंथुर्णे

प्रिय कौसल्या,

तू होतीस तेव्हा तुला कधी पत्र लिहिलं नाही. सांगवीला माहेरी गेलीस तरी निरोपच धाडायचो. आज लिहितोय, कारण विहिरीतला पाइप पुन्हा गळायला लागलाय. हे दुसऱ्या कुणाला सांगू?

भोक पाण्याखाली आहे. वरून घागरी ओततो, पण पाइप भरतच नाही, आणि तो भरल्याशिवाय काठावरचं पंपाचं मशीन पाणी ओढत नाही. विहीर तुडुंब आणि वांगी सुकायला लागलेली! कसं बघायचं सांग?

मागच्या उन्हाळ्यातही असंच झालं होतं. बारामतीचा मिस्त्री म्हणाला, सगळा पाइप वर काढावा लागेल. तू चुलीपुढून उठलीस आणि कासोटा आवळलास.

आई ओरडली, "अगं, गडीमाणसं हायत तितं! सुनंनं हिरीत उडी मारायची व्हय?"

"मग गड्यांनी मारावी की, आत्याबाई."

कुणी हललं नाही. मला तर पोहताच येत नव्हतं.

"तुमी वरनं वतत ऱ्हावा," तू मला म्हणालीस. "खाली बोटाला धार लागली की भोक गावंल."

मी ओतत होतो. सायकलच्या ट्यूबची पट्टी दातांत धरून तू पुन्हा पुन्हा खाली जात होतीस. शेवटच्या बुडीला केवढा वेळ लावलास गं! मी घागर टाकून तुझ्या नावानं ओरडत सुटलो. वर आलीस ती माझ्यावरच खेकसत, "वतायचं का थांबवलं? पट्टी धरली का न्हाय, कसं कळायचं?"

मशीन सुरू झालं. पाटात पाणी आलं.

त्या रात्री मी म्हणालो, मलाही पोहायला शिकव. तू हसलीस. "तुमाला काय करायचंय? मी हाय की!" असं कशाला म्हणालीस, कौसल्या?

श्रावणात तुला ताप चढला. गाडी जुंपून बारामतीला नेलं. डॉक्टर म्हणाले, विषमज्वर, उशीर झालाय. तुझा हात धरून बसण्यापलीकडे मला काय करता आलं?

या वेळी शेजारच्या तात्यांचा थोरला उतरला होता. "भोक गावत न्हाय," म्हणून वर आला. मिस्त्री सांगावा धाडूनही येत नाही. जुनी मोट जुंपलीय, पण ती किती पुरणार? निम्मी वांगी गेली.

काल मीच पायऱ्या धरून छातीइतक्या पाण्यात गेलो. खाली नुसतं काळं पाणी. तिथूनच परत फिरलो. वर आई उभी होती. वाटलं, रागावेल. ती म्हणाली, "तिला तवा बोलले नसते तर बरं झालं असतं रं." आणि तिथंच पदर तोंडाला लावून बसली.

आज माळ्यावरून वाळके भोपळे काढलेत. पोरं पोहायला शिकताना बांधतात तसे पाठीला बांधून रोज उतरणार आहे. चाळिशीच्या गड्याला बघून गाव हसेल. हसू दे! यंदाची वांगी वाचत नाहीत, ते कळतंय मला. भोक सापडेल का, तेही ठाऊक नाही. पण तुला वचन देतो, एकदा तरी त्या पाइपाच्या तळाला हात लावून येईन.

तुझा,
शंकर