'आबांचा काटा' हे नाव कोणी नेले, याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
संकेतस्थळ नावे व नोंदणी विभाग,
दुसरा मजला, डावीकडील खोली.

विषय: महामारीच्या काळात संकेतस्थळांची नावे देणाऱ्या कंपन्यांनी जुन्या ग्राहकांनाही सवलत द्यावी याबाबत, तसेच माझ्या दुकानाचे नाव परस्पर नेणाऱ्या अज्ञात इसमाच्या चौकशीबाबत.

संदर्भ: माझे यापूर्वीचे तीन अर्ज. पोच एकाचीही मिळालेली नाही.

महोदय,

१. मी, खाली सही करणारा, वजनकाटे दुरुस्त करून देण्याचा व्यवसाय गेली एकेचाळीस वर्षे करीत आहे. दुकान माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, सुरू केले व त्यास सर्वजण 'आबांचा काटा' म्हणतात. समोरचा सांगतो ते वजन खरे नसावे असे धरून चालणे हेच माझे काम असल्यामुळे पुढील मजकुरात कोठे संशयाचा सूर लागल्यास तो धंद्याचा गुण समजावा, स्वभावाचा नव्हे. माझ्या पत्नीचे मत याबाबत वेगळे आहे.

२. आठ वर्षांपूर्वी गल्लीतील छापखानेवाल्यांच्या आग्रहावरून मी 'आबांचा काटा' या नावाचे संकेतस्थळ करून घेतले. पान एकच. त्यावर दुकानाचा दूरध्वनी क्रमांक, कामाच्या वेळा आणि गल्ल्यावर बसलेल्या आबांचे छायाचित्र. छापखानेवाल्यांनी तेव्हाच सांगितले होते की, "पान तुमचं, पण नाव कंपनीकडून मुदतीवर घ्यायचं. मुदत संपली आणि पैसे भरले नाहीत, तर दुसरा कुणीही ते उचलून नेईल." स्वतःच्या वडिलांचे नाव मुलाला मुदतीवर मिळते हे ऐकूनच कुठेतरी पाणी मुरते आहे असे मला वाटले होते. तरी मी सही केली.

३. महामारीत आदेशानुसार माझे दुकान बंद झाले. किराण्याची दुकाने मात्र उघडी राहिली. म्हणजे काटे दिवसभर चालणार, बिघडणार, आणि ते नीट करणारा माणूस घरात बसणार. तशाही स्थितीत काही दुकानदार संकेतस्थळावरून क्रमांक घेऊन मला फोन करीत व मी त्यांना पारडे कसे काढावे, कोणता स्क्रू अर्धा फेरा ढिला करावा, हे घरून समजावीत असे. एके सकाळी ते पान उघडले तर आबांच्या जागी निळी पाटी दिसली, 'हे नाव लवकरच विक्रीस उपलब्ध होईल.' बापाच्या जागी अशी पाटी पाहून माणसाला काय होते ते अर्जाच्या भाषेत बसत नाही. मला फार वाईट वाटले, एवढेच नमूद करतो.

४. कंपनीस दूरध्वनी केला असता तेथील बाईंनी सांगितले की मुदत संपल्याच्या पाच सूचना मला पाठवल्या होत्या. त्या मला मिळाल्या नाहीत. एरवी दरवर्षी पैसे भरण्याची आठवण छापखानेवाले करून देत, परंतु या वर्षी त्यांचाही छापखाना बंद होता. चौकशीअंती असे निष्पन्न झाले की नोंदणीच्या वेळी मी दिलेला ई-मेल पत्ता छापखानेवाल्यांच्या बंद पडलेल्या जुन्या खात्याचा होता आणि दूरध्वनी क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे मी उलटसुलट लिहिले होते. हे मी मुद्दाम केले होते. विनाकारण कोणी क्रमांक मागितला की तो खरा द्यायचा नाही, हा माझा जुना शिरस्ता आहे. परंतु महोदय, इतकी वर्षे व्यवसाय करणाऱ्या कंपनीला, पाच सूचना पाठवून एकाचेही उत्तर येत नाही तेव्हा ग्राहकाने माहिती खोटी दिली असावी, एवढा साधा संशय येऊ नये? येथे निष्काळजीपणा कोणाचा, हे आपणच ठरवावे.

५. सदर कंपनीच्या संकेतस्थळावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, 'या कठीण काळात आम्ही तुमच्या सोबत आहोत.' त्याखाली लहान अक्षरांत असे आहे की सवलत फक्त नवीन ग्राहकांस, पहिल्या वर्षापुरती. म्हणजे आठ वर्षे जो मुकाट्याने पैसे भरत आला त्याच्यासोबत कोणीही नाही. किराणावाल्याने ओळखीच्या गिऱ्हाइकाला कमी आणि अनोळखी गिऱ्हाइकाला जास्त तोलून दिले असते, तर मी त्याचा काटा जागच्या जागी बंद पाडला असता. कंपनीच्या काट्याला मात्र कोणाचा शिक्का लागतो हे मला अद्याप कळलेले नाही.

६. खात्री करावी म्हणून मी त्याच दिवशी दुपारी नवीन ग्राहक म्हणून, आवाज थोडा घोगरा करून, पुन्हा दूरध्वनी केला. बाई म्हणाल्या, "काका, सकाळी तुम्हीच बोलला होतात ना? तुमचा घसा बसलाय का? काळजी घ्या हो, दिवस वाईट आहेत." आवाजावरून ग्राहक ओळखून ठेवण्याची ही पद्धत कायद्यात बसते काय, याचाही खुलासा व्हावा. त्यांनी घशासाठी गरम पाण्याच्या गुळण्या सांगितल्या. त्या मी केल्या, कारण त्याने नुकसान नव्हते.

७. उशिराचा आकार धरून कंपनी नेहमीच्या दराच्या तिप्पट मागत होती. पत्नी म्हणाली, "भरून टाका आणि मोकळे व्हा." परंतु पूर्ण दराने भरणे म्हणजे चूक माझी होती असे कबूल करणे, असे वाटून मी पैसे भरले नाहीत व आपणाकडे एकामागून एक तीन अर्ज केले. आपल्या कार्यालयाने त्यांना वाटाण्याच्या अक्षता लावल्या. सहा आठवडे गेले. सातव्या आठवड्यात ते नाव दुसऱ्याच कोणीतरी घेतल्याचे दिसून आले.

८. या नवीन धारकाने नाव एका वर्षासाठी नव्हे, तर दहा वर्षांसाठी घेतले आहे. धारकाचे नाव व पत्ता 'गोपनीयतेस्तव' झाकलेला आहे. काटे दुरुस्त करणाऱ्याच्या बंद दुकानाच्या नावासाठी दहा वर्षांचे पैसे एकदम कोण भरतो? माझा संशय पुढीलप्रमाणे आहे. पहिली खुद्द कंपनी, मला दमात घेण्यासाठी. दुसरा कोपऱ्यावरील किराणावाला, ज्याचा काटा मी दोनदा पकडला असून जो तेव्हापासून मला पाहून शीळ वाजवतो. तिसरे छापखानेवाले. त्यांना मी समोरासमोर विचारले असता त्यांनी कानावर हात ठेवले आणि तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या पत्नीवर संशय घेण्यास कारण नव्हते, तरी विचारून घेतले. ती म्हणाली, "अहो, तुम्ही स्वतःच्या सावलीकडेही ओळखपत्र मागाल." हे उत्तर सरळ नसल्याने नोंदवून ठेवले आहे.

९. आणखी एक बाब पुराव्यादाखल सादर करतो. पानावर किती लोक आले व केव्हा, हे दाखवणारे एक यंत्र छापखानेवाल्यांनी बसवून दिले होते. त्यानुसार गेली सहा वर्षे रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी एक व्यक्ती पानावर येत असे, चार-पाच मिनिटे थांबत असे आणि काही न विचारता निघून जात असे. सुट्टीच्या दिवशीही. सगळे बंद झाले त्या दिवशी तर ती एकटीच आली होती. कामाच्या वेळा आणि एक क्रमांक वाचायला चार-पाच मिनिटे लागत नाहीत. ही व्यक्ती माझ्या दुकानावर पाळत ठेवून होती व नाव तिनेच नेले असावे, असे माझे ठाम मत झाले आहे. सर्व तारखा वहीत उतरवल्या असून वही सोबत जोडीत आहे.

येथपर्यंतचा मजकूर नऊ तारखेस लिहिला. पुढील मजकूर तेरा तारखेचा आहे. वरील काही परिच्छेद आता खोडावेसे वाटतात. परंतु वजनाची नोंद मागाहून खोडू नये असे आबा सांगत, म्हणून जसे आहे तसे ठेवले आहे.

१०. अकरा तारखेस सकाळी पाळत ठेवण्याच्या हेतूने मीच सात वाजून दहा मिनिटांनी ते पान उघडले. निळी पाटी गेली होती. त्या जागी एक छायाचित्र होते, पण माझ्याकडचे नव्हे. त्यात आबा दुकानातील मोठ्या काट्याशी उभे आहेत. एका पारड्यात सहा-सात महिन्यांचे एक मूल बसवले आहे व ते रडत आहे. दुसऱ्या पारड्यात दोन वेण्या घातलेली आठ वर्षांची मुलगी जीभ दातात धरून वजने ठेवीत आहे. ते मूल मी आहे. ती मुलगी माझी थोरली बहीण, म्हणजे ताई. या छायाचित्राची प्रत एकच असून ती ताईकडे आहे. चित्राखाली फक्त इतकेच लिहिले होते, 'आबांचा काटा. दुकान चालू आहे.' आणि माझा दूरध्वनी क्रमांक. बरोबर क्रमांक.

११. ताई टंकलेखन शिकवीत असे, त्यामुळे संगणकाची तिला भीती नाही. नवीन ग्राहक असल्याने पहिल्या वर्षाची सवलत तिला मिळाली असणार. सात वाजता दुकान उघडून आबा दहा मिनिटांत झाडलोट आटोपत आणि मग शाळेत जाण्यापूर्वी आम्हा दोघांकडून काटा तपासून घेत. ती वेळ मला ओळखू यायला हवी होती. ताईकडे आबांचा म्हातारपणचा एकही फोटो नव्हता, कारण मी दिला नव्हता. माझ्या पानावरचा तो एकच फोटो पाहायला ती सहा वर्षे रोज येत होती, आणि मी वहीत तिच्या पाळतीच्या तारखा लिहीत होतो.

१२. ताईशी माझे बोलणे गेली नऊ वर्षे बंद आहे. त्याचे कारण या अर्जात येणे आवश्यक आहे. आबा गेल्यानंतर त्यांची पितळी वजनांची पेटी उघडली तेव्हा पाच ग्रॅमचे वजन जागेवर नव्हते. पेटी शेवटची ताईने हाताळली होती. मी सगळ्या नातेवाइकांदेखत तिला पर्स उघडून दाखवायला सांगितले. तिने पर्स उघडली, टेबलावर पालथी केली, पुन्हा भरली आणि निघून गेली. तेव्हा ती काही बोलली असती तर मला सोपे झाले असते. दोन वर्षांपूर्वी तिने घर बदलले. नवा पत्ता मी कोणाला विचारला नाही.

१३. दुकान बंद असताना तिसऱ्या आठवड्यात मी रिकामे हात नकोत म्हणून मोठा काटा खोलून साफ केला. डाव्या पारड्याच्या खालच्या अंगाला लाखेने चिकटवलेले पाच ग्रॅमचे वजन निघाले. आबांच्या आजारपणात ते पारडे हलके झाले होते व मी घाईत, हाताला आले ते वजन, दोन्ही पारडी समतोल व्हावीत म्हणून, पासंगादाखल खाली लावले होते. काटे दुरुस्त करणाऱ्याने शिक्क्याचे वजन पासंगाला लावणे ही आमच्या धंद्यात शरमेची गोष्ट आहे, म्हणून ते मी तेव्हा कोणाला सांगितले नाही आणि मग स्वतःही विसरलो. वजन सापडल्यावरही मी गप्प बसलो. ते रुमालात बांधून कपाटात ठेवले आणि आपणास सवलतीचे अर्ज लिहीत बसलो. मला त्याची लाज वाटते.

१४. सबब, विनंती पुढीलप्रमाणे आहे.

परिच्छेद ८ व ९ मधील संशय मी मागे घेतो. किराणावाल्याबाबतचा काट्याचा भाग तेवढा कायम ठेवावा. छापखानेवाल्यांची माफी मी स्वतः मागितली आहे.

जुन्या ग्राहकांस सवलत मिळावी ही मागणी मात्र मी सोडलेली नाही, उलट ती आता अधिक निकडीची आहे. पुढील वर्षापासून ताई जुनी ग्राहक होते. ती चौऱ्याहत्तर वर्षांची असून तिच्या निवृत्तिवेतनातून तिने नऊ वर्षांचे पूर्ण दर भरले आहेत. ते कंपनीने कमी करून फरक तिला परत द्यावा. ते शक्य नसल्यास तो फरक, उशिराच्या आकारासह, माझ्याकडून घेऊन तिला द्यावा. या खेपेस मी हुज्जत घालणार नाही.

दहा वर्षांनंतर मुदतीची सूचना दोघांना पाठवावी. ताईने दिलेल्या पत्त्यावर, आणि खाली दिलेल्या माझ्या पत्त्यावर.

शेवटची विनंती अशी की धारकाचा पत्ता कंपनीने झाकून ठेवला असल्याने मला तो कळू शकत नाही, व कळावा अशी मागणीही मी करीत नाही. ती माझ्यापासून झाकून राहू इच्छित असल्यास तिला तो अधिकार आहे. परंतु या अर्जाची एक प्रत व सोबतची पुडी आपल्या कार्यालयामार्फत त्या पत्त्यावर पोहोचवावी. पुडी उघडून पाहण्यास हरकत नाही. फक्त तीतील जिन्नस पुन्हा मोजून आत घालावा, कारण तो एकदा हरवलेला आहे.

खाली दिलेला दूरध्वनी क्रमांक व ई-मेल पत्ता दोन्ही खरे आहेत. क्रमांक आबांच्या वेळेपासूनचा आहे आणि ताईला तो पाठ आहे. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी फोनजवळ असतो.

चौकशीची वाट पाहणारा, आपला नम्र,
(सही)
वजनकाटे दुरुस्ती करणारा,
आबांचा मुलगा

दिनांक: नऊ तारखेस सुरू, तेरा तारखेस पूर्ण.

सोबत:
१) मागील तीन अर्जांच्या प्रती.
२) कंपनीच्या पानाची छपाई. छापखानेवाल्यांनी बोलणे सुरू झाल्यावर करून दिली.
३) भेटींच्या तारखांची वही. ही परत मिळावी. ती आता पुरावा नाही.
४) पाच ग्रॅमचे पितळी वजन, एक नग, पुडीत. धारकास देण्यासाठी.